संगणकाविना घरगुती स्टुडिओ: यंत्रांची निवड, जोडणी आणि पहिलं रेकॉर्डिंग

घरातल्या एका खोलीत, स्क्रीन आणि माऊस बाजूला ठेवून, हाताखाली खरे फेडर आणि नॉब असलेल्या यंत्रांवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एक मल्टिट्रॅक रेकॉर्डर (अनेक आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेणारा), एक मिक्सर, दोन-तीन माइक, एखादा कंप्रेसर (आवाजाचे चढ-उतार आटोक्यात ठेवणारा), एखादा रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा) एवढ्या सामानात हौशी माणसाचं काम उत्तम होतं. नवख्यांचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा जोडणीपाशी. कुठला आवाज कुठून निघून कुठे जाणार, हे ठरण्याआधीच खरेदी उरकलेली असते. मग दोन इनपुट कमी पडतात, रिव्हर्ब परत आणायला जागा उरत नाही आणि भुणभुण कुठून येते ते कळत नाही. म्हणून इथे सुरुवात कागदापासून केली आहे.

लागणारं सामान

- मल्टिट्रॅक रेकॉर्डर आणि मिक्सर, वेगवेगळे किंवा एकत्र
- एक डायनॅमिक माइक आणि एक कंडेन्सर माइक, दोन जड बैठकीचे स्टँड, एक पॉप फिल्टर
- बंद पाठीचे हेडफोन, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकासाठी एक
- मॉनिटर स्पीकरची जोडी
- एक्सएलआर आणि टीआरएस केबल, हिशेबापेक्षा दोन-दोन जास्त
- एक डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज मिक्सरला जुळेल असा करणारी पेटी), ग्राउंड लिफ्टच्या (अर्थची जोड तोडणाऱ्या) बटणासह
- मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, हीटश्रिंक नळी, वायर सोलायची पकड
- लेबल चिकटवायची पट्टी आणि न पुसणारं पेन

कागदपत्रं म्हणाल तर तीनच: प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तिकेतला ब्लॉक डायग्राम (यंत्रात आवाज कुठून कुठे जातो त्याची आकृती), तुमचा स्वतःचा जोडणीचा नकाशा आणि ट्रॅकशीट (कुठल्या ट्रॅकवर काय, याची नोंद). ब्लॉक डायग्राम हे पुस्तिकेतलं सर्वांत मोलाचं पान. बहुतेक जण तेच उलटून पुढे जातात.

१. खरेदीआधी नकाशा काढा

एका मोठ्या कागदावर डावीकडे सगळे आवाजाचे स्रोत लिहा, उजवीकडे मॉनिटर आणि हेडफोन काढा, मधे रेकॉर्डर. आता बाणांनी जोडत चला. प्रत्येक बाण म्हणजे एक केबल आणि दोन जॅक.

समजा, एक गायिका, एक अकूस्टिक गिटार (माइक आणि पिकअप दोन्ही), एक स्टीरिओ की-बोर्ड आणि एक स्टीरिओ ड्रम मशीन असा संच आहे. गायिका १, गिटार २, की-बोर्ड २, ड्रम मशीन २ अशी सात इनपुट झाली. स्टीरिओ रिव्हर्ब मिक्सरवर परत येताना आणखी दोन खाणार, म्हणजे नऊ. आठ चॅनेलचा मिक्सर इथेच बाद झाला, आणि हे तुम्हाला पैसे जाण्याआधी कळलं.

इथे एक सापळा आहे. मिक्सरच्या नावातला आकडा आणि माइकच्या इनपुटांचा आकडा सहसा एक नसतो. 'बारा चॅनेल'च्या मिक्सरवर माइक प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग) चारच असू शकतात आणि उरलेले आठ चॅनेल म्हणजे स्टीरिओ लाइन इनपुटच्या चार जोड्या. मागच्या पॅनेलचा फोटो पाहून एक्सएलआरची भोकं स्वतः मोजा.

२. मधलं यंत्र निवडा

मिक्सर आणि रेकॉर्डर एकाच पेटीत ही कल्पना जुनी आहे. टीॲकने १९७९ मध्ये साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारा पोर्टास्टुडिओ १४४ आणला, तेव्हापासून घरच्या रेकॉर्डिंगचा हाच साचा टिकून आहे. आज कॅसेटच्या जागी एसडी कार्ड आलं आहे.

निवडताना दोन आकडे वेगळे वाचायचे: एका वेळी किती ट्रॅक रेकॉर्ड होतात आणि एका वेळी किती वाजतात. टॅस्कॅमच्या डीपी-२४एसडीवर २४ ट्रॅक वाजतात, पण एका वेळी आठच घेता येतात. एकट्याने एकेक वाद्य थर चढवत रेकॉर्ड करणाऱ्याला हे पुरून उरतं. सगळा बँड एका दमात घ्यायचा असेल तर मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलचा वेगळा ट्रॅक घेणारं यंत्र हवं. टॅस्कॅम मॉडेल १२ हे त्या जातीचं. तिथल्या बारा ट्रॅकमध्येही शेवटचे दोन मुख्य स्टीरिओ मिक्सचे असतात, म्हणजे हाती दहाच उरतात.

दुसरी तपासायची गोष्ट: रेकॉर्डिंगसाठी आवाज चॅनेलमध्ये नेमका कुठून उचलला जातो? ईक्यूच्या (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करणाऱ्या नॉबच्या) आधी की नंतर? चॅनेलवर कंप्रेसर असेल तर त्याच्या आधी की नंतर? याचं उत्तर ब्लॉक डायग्राममध्येच सापडतं. ईक्यूच्या आधी उचलत असेल तर नॉब कितीही फिरवा, ट्रॅकवर आवाज मूळचाच जातो आणि मिक्सच्या वेळी तो पुन्हा हवा तसा वळवता येतो. नवख्यासाठी हीच रचना सोयीची.

तिसरी: इन्सर्ट जॅक (चॅनेलचा आवाज बाहेरच्या यंत्रातून फिरवून परत आणणारे) आणि ऑक्स सेन्ड (आवाजाची प्रत बाहेर पाठवणारे) किती आहेत? बाहेरचा कंप्रेसर जोडायचा तर इन्सर्ट लागतो, रिव्हर्ब आणि हेडफोनसाठी ऑक्स. दोन ऑक्सच्या खाली जाऊ नका.

३. खोली

यंत्रांवर खर्चायच्या रकमेतला मोठा वाटा खोलीवर घाला, असं आम्ही आग्रहाने सांगतो. महागडा माइक कच्च्या खोलीत खोलीचाच आवाज जास्त स्वच्छपणे टिपतो.

आवाज बाहेर जाऊ न देणं आणि आतला आवाज सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी वस्तुमान आणि फटी बुजवणं लागतं: जड दार, दाराच्या कडांना रबरी पट्ट्या, खालच्या फटीला झडप. भिंतीवर फोम चिकटवून शेजारचा आवाज थांबत नाही. अंड्यांचे ट्रे तर दोन्ही कामांना निरुपयोगी आहेत, शिवाय चटकन पेट घेतात.

आतल्या आवाजाचा मुख्य शत्रू म्हणजे खालचे स्वर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये अंतर जेवढं, त्याच्या दुप्पट लांबीची लाट खोलीत अडकून फुगते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ४ मीटर लांबीच्या खोलीत ती वारंवारता ४३ हर्ट्झच्या आसपास येते, ३ मीटरला ५७. चौरस खोलीत दोन्ही दिशांची गाठ एकाच स्वरावर पडते, म्हणून लांबी-रुंदी वेगळी असलेली खोली मिळाली तर तीच घ्या.

बसायची जागा समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर ठेवून पाहा. अगदी मध्यावर बसू नका, तिथे पहिला फुगवटा शून्यावर असतो आणि बेस गायब झाल्यासारखा वाटतो. दोन मॉनिटर आणि तुमचं डोकं मिळून समभुज त्रिकोण व्हावा, बाजू एक ते दीड मीटर, ट्वीटर (वरचे स्वर काढणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर.

मग पॅनेल. ६० बाय १२० सेंटिमीटरची लाकडी चौकट, आत १० सेंटिमीटर जाड रॉकवूल (घनता घनमीटरला ४० ते ६० किलो), वर हवा खेळती राहील असं कापड. कापडावर तोंड लावून फुंकर मारा, पलीकडे हवा जाणवली की कापड चालेल. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क हवेतच. अशी सहा पॅनेल पुरेत: दोन समोरच्या कोपऱ्यांत तिरकी, दोन बाजूच्या भिंतींवर, एक डोक्यावर छताला, एक पाठीमागे. भिंतीपासून पाच ते दहा सेंटिमीटर सोडून लावली तर तीच पॅनेल आणखी खालच्या स्वरापर्यंत काम करतात.

बाजूच्या पॅनेलची जागा शोधायला आरसा घ्या. तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्याला भिंतीला टेकवून आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात मॉनिटरचा ट्वीटर दिसेल, पॅनेल तिथे.

४. वीज आणि अर्थिंग

सगळी ऑडिओ यंत्रं एकाच सर्किटवरच्या एकाच बोर्डावरून चालवा. वॅट्सची बेरीज केली तर ती बहुधा अपेक्षेपेक्षा कमी भरते, त्यामुळे भाराची चिंता सहसा नसते. चिंता असते अर्थिंगची. दोन यंत्रं दोन वेगळ्या बोर्डांवरून अर्थ घेतात आणि ऑडिओ केबलची जाळीही त्यांना जोडते, तेव्हा एक वेटोळं तयार होतं आणि त्यातून विजेच्या वारंवारतेची भुणभुण आत शिरते.

भुणभुण आली म्हणून प्लगची अर्थ पिन कधीही कापू नका किंवा टेप लावून बंद करू नका. यंत्रात बिघाड झाला तर त्याची धातूची पेटी, तिला जोडलेला माइक आणि तो धरणारा माणूस या सगळ्यांत वीज उतरू शकते. गायकाचे ओठ माइकच्या जाळीला टेकलेले असतात, हे विसरू नका.

शोधायची रीत अशी. मॉनिटर हळू करा, हेडफोन लावा, मिक्सरला जोडलेल्या ऑडिओ केबल एकेक करून काढा. जी काढल्यावर भुणभुण थांबली, ती आणि तिच्या टोकाचं यंत्र गुन्हेगार. तिथे डीआय बॉक्सचा किंवा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा ग्राउंड लिफ्ट वापरा. लाइन लेव्हलच्या बॅलन्स्ड केबलमध्ये (पुढे भाग ५ पाहा) घ्यायच्या बाजूची जाळी सोडवणं हाही रीतसर उपाय आहे. पण त्या केबलवर ठळक लेबल लावा, कारण तिच्यातून फँटम पॉवर (मिक्सरकडून केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) जाणार नाही आणि पुढे कधीतरी ती कंडेन्सर माइकला लागली की 'माइक मेला' म्हणून सगळे हैराण होतील.

खोल, गोल भुणभुण बहुधा अर्थच्या वेटोळ्याची. कर्कश, करकरीत झाली तर दिव्यांचा डिमर किंवा स्वस्त अडॅप्टर पाहा. विजेच्या वायरी आणि ऑडिओ केबल शेजारी-शेजारी बांधू नका. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा.

चालू करताना आधी वाद्यं आणि इफेक्ट, मग मिक्सर-रेकॉर्डर, शेवटी मॉनिटर. बंद करताना नेमकं उलट. क्रम चुकला की निघणारा 'धप्प' आवाज ट्वीटर घेऊन जातो. अडॅप्टरवर व्होल्टेज जुळलं तरी मधली पिन धन की ऋण, ते चिन्ह पाहा. गिटारच्या बहुतेक पेडलना ऋण लागते आणि इतर यंत्रांना सहसा धन.

५. केबल, सोल्डरिंग आणि पॅचबे

एक्सएलआरमध्ये पिन १ जाळी, २ धन, ३ ऋण. टीआरएसमध्ये टोक धन, कडं ऋण, दांडा जाळी. बॅलन्स्ड केबलमध्ये तोच आवाज दोन तारांतून उलट-सुलट जातो आणि घेणारं यंत्र दोघांतला फरक मोजतं, त्यामुळे वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चढलेला गोंगाट आपोआप कटतो. गिटारची दोन तारांची केबल अनबॅलन्स्ड, ती पाच-सहा मीटरच्या आत ठेवा, नाहीतर वरचे स्वर मंदावतात.

केबल स्वतः बनवल्या तर लांबी नेमकी मिळते आणि दुरुस्ती हातात राहते. क्रम महत्त्वाचा: आधी कनेक्टरचं बाहेरचं आवरण आणि हीटश्रिंक केबलवर ओवून घ्या, नंतर तारा सोला. हे विसरलात तर अप्रतिम सोल्डर केलेला जोड पुन्हा उकलावा लागतो. कनेक्टरच्या वाटीत आधी थोडं सोल्डर वितळवा, तारेच्या टोकालाही लावा, मग वाटी तापवून तार आत बुडवा आणि सोल्डर थिजेपर्यंत बोट हलवू नका. जोड चकचकीत आणि गुळगुळीत दिसला पाहिजे (शिसंविरहित सोल्डर थोडं मंद दिसतं, ते चालतं). मल्टिमीटरने १-१, २-२, ३-३ जोडलेलं आहे आणि एकमेकांत कुठेही शॉर्ट नाही, हे तपासल्याशिवाय केबल खोलीत येऊ देऊ नका. मल्टिमीटर लावलेला असताना केबल दोन्ही टोकांशी वाकवून पाहा, अर्धवट तुटलेली तार तेव्हाच पकडली जाते.

बाहेरची यंत्रं तीनच्या वर गेली की पॅचबे (सगळ्या यंत्रांचे जॅक एका जागी आणणारी पट्टी) घ्या. ४८ भोकांच्या पॅचबेत वर २४, खाली २४. वरच्या ओळीच्या मागे यंत्रांचे आउटपुट जोडायचे, खालच्या ओळीच्या मागे इनपुट. 'हाफ नॉर्मल' मांडणीत पुढे काहीही न खोचता वरचा आवाज खालच्या भोकात आपोआप जातो. वर केबल खोचली तरी तो जातच राहतो आणि त्याची एक प्रत तुम्हाला मिळते. खाली खोचली की जुनी वाट तुटते आणि नवा आवाज आत येतो. रोजच्या वापरातली जोडणी 'नॉर्मल' करून ठेवा, म्हणजे पुढे एकही केबल नसताना स्टुडिओ पूर्ण चालतो.

पॅचबेवर लाइन लेव्हलच आणायची. माइकच्या लाइनी टीआरएस पॅचबेतून नेऊ नका. प्लग खोचताना टोक आणि कडं क्षणभर एकमेकांना किंवा जाळीला टेकतात. त्या लाइनीवर ४८ व्होल्टची फँटम पॉवर चालू असेल तर प्रीअँपला झटका बसतो आणि रिबन माइकची पातळ पट्टी कायमची ताणली जाऊ शकते.

दोन्ही टोकांना लेबल लावा. मागच्या अंधारात 'काळी केबल' शोधणं हा वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय आहे.

६. माइक आणि इनपुट

सुरुवातीला शुअर एसएम५७सारखा एक डायनॅमिक आणि मोठ्या डायफ्रामचा एक कंडेन्सर पुरेसा आहे. कंडेन्सरला फँटम लागते. ती चालू-बंद करताना चॅनेल म्यूट असावा आणि केबल आधीच जोडलेली असावी.

हळू आवाजासाठी कमी आउटपुटचा डायनॅमिक माइक घेतला तर ६० डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास गेन (प्रीअँपने द्यायची वाढ) लागतो आणि अनेक छोट्या मिक्सरचे प्रीअँप तिथे शेवटच्या टोकाला जाऊन सूं असा आवाज करतात. अशा वेळी फँटमवर चालणारा छोटा बूस्टर मधे लावा, तो २० ते २५ डीबी स्वच्छ भर घालतो.

पिकअपची गिटार थेट जोडायची तर 'हाय-झेड' असं लिहिलेल्या इनपुटमध्ये, तिथे अवरोध साधारण १ मेगओहम असतो. साध्या लाइन इनपुटमध्ये घातली की आवाज चादर पांघरल्यासारखा येतो, आणि तो दोष ईक्यूने भरून निघत नाही.

गायकाला माइकपासून १५ ते २० सेंटिमीटरवर उभं करा, मधे पॉप फिल्टर, माइक तोंडाच्या रेषेपासून किंचित बाजूला वळवलेला. अकूस्टिक गिटारला बाराव्या फ्रेटसमोर २० ते ३० सेंटिमीटरवर. गोल भोकासमोर माइक ठेवण्याचा मोह टाळा, तिथे फक्त गडगडाट मिळतो. दोन माइक वापरताना त्यांच्यातलं अंतर प्रत्येकाच्या स्वतःच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या तिप्पट तरी असू द्या. एकाच वाद्यावर दोन माइक असतील तर एकाची पोलॅरिटी (धन-ऋण दिशा) उलटून ऐका आणि ज्यात खालचे स्वर भरदार येतात ती बाजू ठेवा.

७. लेव्हल

या एका पायरीवर बाकी सगळ्या पायऱ्यांचं भवितव्य अवलंबून आहे, म्हणून इथे घाई करू नका.

व्यावसायिक यंत्रांची लाइन लेव्हल +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. घरगुती यंत्रांची -१० डीबीव्ही, सुमारे ०.३२ व्होल्ट. दोघांत जवळपास १२ डीबीचा फरक. यंत्राच्या मागे +४ / -१० असं बटण असेल तर दोन्ही बाजूंना एकच ठेवा. गल्लत झाली तर एकीकडे आवाज फुटतो, दुसरीकडे इतका हळू येतो की गेन वाढवता वाढवता गोंगाटही वाढतो.

आता चॅनेल लावू. फेडर शून्य खुणेवर, ईक्यू मध्यावर, गेन तळाला. वाजवणाऱ्याला सर्वांत जोरकस भाग वाजवायला सांगा, मधला ठीकठाक भाग नको. गेन हळूहळू चढवा. सरासरी -१८ डीबीएफएसच्या (डिजिटल मीटरचं माप, शून्य हे त्याचं वरचं टोक) आसपास आणि उसळ्या -१२ ते -१० पर्यंत गेल्या की थांबा. खऱ्या टेकला माणूस तीन ते सहा डीबीने जास्त जोर लावतो, ती जागा आधीच राखलेली असावी. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करता तेव्हा मीटर लाल रंगापर्यंत नेऊन काहीही कमावत नाही. टेपच्या जमान्यात सूं आवाजावर मात करायला लेव्हल वर ठेवावी लागे, ती गरज इथे नाही. डिजिटल शून्याच्या वर गेलेला आवाज मात्र कायमचा कापला जातो.

नवखे हमखास अडकतात ते इथे. क्लिपचा दिवा लागला की हात फेडरकडे जातो. पण आवाज फेडरच्या आधीच उचलला जात असेल, आणि बहुतेक रेकॉर्डर-मिक्सरवर तसंच असतं, तर फेडर खाली केल्याने फक्त मॉनिटरमधला आवाज कमी होतो. ट्रॅकवर फुटलेलाच आवाज जातो. उपाय गेनवर करायचा. गेन तळाला जाऊनही फुटत असेल तर पॅडचं (येणारा आवाज आधीच कमी करणारं) बटण दाबा.

८. बाहेरचा कंप्रेसर आणि रिव्हर्ब

कंप्रेसर इन्सर्टमध्ये. इन्सर्टचा जॅक एकच असतो: बहुतेक मिक्सरवर टोक सेन्ड, कडं रिटर्न. त्यासाठी एका बाजूला टीआरएस आणि दुसऱ्या बाजूला दोन साधे जॅक अशी वाय केबल लागते. आवाज आलाच नाही तर आधी दोन जॅक अदलाबदल करून पाहा.

रेकॉर्ड करताना कंप्रेसरचा हात हलका ठेवा: रेशो (किती दाबायचं) २:१ ते ३:१, अटॅक (किती लवकर दाबायचं) १० ते ३० मिलिसेकंद, रिलीज (किती वेळात सोडायचं) १०० ते २०० मिलिसेकंद, सुई दोन ते चार डीबी हलावी, बस. एकदा ट्रॅकवर चढलेलं कंप्रेशन काढता येत नाही.

रिव्हर्ब ऑक्सवर. मिक्सच्या वेळी हा सेन्ड पोस्ट-फेडर हवा, म्हणजे आवाज कमी केला की त्याचा रिव्हर्बही कमी होतो. हेडफोनचा ऑक्स प्री-फेडर, म्हणजे तुमच्या फेडरच्या हालचालींनी गायक बिथरत नाही. रिव्हर्ब यंत्राचं मिक्स १०० टक्के ओलं ठेवा, कोरडा आवाज मिक्सरवर आहेच. आणि रिव्हर्ब ज्या चॅनेलवर परत येतो, त्या चॅनेलवरचा तोच ऑक्स नॉब शून्यावर आहे का ते पाहा. तो उघडा राहिला तर रिव्हर्ब स्वतःलाच भरवत जातो आणि खोली किंचाळू लागते.

रॅकमध्ये व्हॉल्व्हच्या यंत्रांच्या वर एक जागा रिकामी सोडा. उष्णतेने आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लवकर म्हातारे होतात.

९. डिजिटल घड्याळ आणि मिडी

घड्याळ म्हणजे डिजिटल यंत्रांना एका ठेक्यात ठेवणारा सिग्नल. सगळी जोडणी ॲनालॉग असेल तर हा भाग सोडून द्या. डिजिटल केबल आली की एकच यंत्र मालक, बाकी सगळे सेवक. दोन मालक झाले की दर काही सेकंदांनी 'टक्' ऐकू येतं, आणि हौशी माणूस केबल बदलत बसतो. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतली) सगळीकडे एकच, घरच्या कामाला ४८ किलोहर्ट्झ छान. यंत्र ४८ वर धावत असताना फाइलवर ४४.१ अशी नोंद झाली तर ती वाजवताना संथ होते आणि जवळपास दीड सेमीटोनने खाली उतरते. गाणं अचानक उतरल्यासारखं वाटलं तर आधी हेच तपासा. एडीएटी ऑप्टिकल केबलमधून ४८ ला आठ चॅनेल जातात, ९६ ला चारच.

मिडी म्हणजे वाद्ययंत्रांना एकमेकांशी बोलायला लावणारी जोडणी; तीत आवाज नसतो, फक्त सूचना असतात. एका आउटला थ्रू-थ्रू करत (एका यंत्राच्या थ्रू जॅकमधून पुढच्यात) तीनपेक्षा जास्त यंत्रं टांगू नका, त्यापेक्षा मिडी थ्रू बॉक्स घ्या. ड्रम मशीनचा वेग रेकॉर्डरकडून येऊ द्या.

१०. पहिलं रेकॉर्डिंग

कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा, दुसरीकडे नको. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी घेतो, आठ ट्रॅक तासाला सुमारे ४.१ जीबी. ३२ जीबीच्या कार्डात आठ ट्रॅकचे साधारण साडेसात तास मावतात.

ट्रॅकशीटवर ट्रॅक क्रमांक, वाद्य, माइक, गेनच्या नॉबची जागा, कंप्रेसरच्या सेटिंग्ज लिहा. ॲनालॉग यंत्रांना स्मरणशक्ती नसते. उद्या तोच आवाज हवा असेल तर आजची नोंद किंवा नॉबचा फोटो हाच आधार.

क्लिक ट्रॅक (ठेका धरून देणारी टकटक) हेडफोनमध्ये गरजेपुरताच. गाणं संपताना सगळं शांत होतं आणि तेव्हाच हेडफोनमधली टकटक कंडेन्सर माइक टिपतो. शेवटच्या कडव्याला क्लिक खाली आणा.

ओव्हरडबच्या (आधीच्या ट्रॅकवर नवा थर चढवण्याच्या) वेळी गायकाला स्वतःचा आवाज दोनदा, किंचित पोकळ, नळीतून आल्यासारखा ऐकू येत असेल तर तो थेट इनपुटमधून आणि रेकॉर्डरमधून फिरून असा दोन वाटांनी येतो आहे. दुसरी वाट काही मिलिसेकंद उशिरा पोचते. दोन्हींतली एक बंद करा.

टेक संपल्यावर पाच सेकंद कुणी हलायचं नाही, तारांचा नाद पूर्ण विरू द्या. कार्डाचा दिवा लुकलुकत असेपर्यंत वीज बंद करू नका. विजेचा भरवसा नसेल तर रेकॉर्डरला छोटा यूपीएस लावा.

११. मिक्स आणि जतन

न वापरलेले सगळे चॅनेल म्यूट करा. सारखाच गोंगाट करणारे चॅनेल दुप्पट झाले की एकूण गोंगाट ३ डीबीने वाढतो, आणि बाहेरची यंत्रंही त्यात आपली भर घालतात.

मॉनिटरची पातळी एकदा ठरवा, बसायच्या जागी ७५ ते ८० डीबी, आणि नॉबवर खूण करा. रोज वेगळ्या पातळीवर ऐकलं तर बेस रोज वेगळा वाटेल, कारण हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमीच ऐकू येतात. अधूनमधून मोनो बटण दाबा. मोनोत एखादं वाद्य पातळ झालं तर त्याच्या दोन माइकची पोलॅरिटी भांडते आहे.

यंत्रांवरचा मिक्स गाणं वाजेल तेवढाच वेळ घेतो, आणि फेडर हलवत एका दमात उतरवावा लागतो. अवघड जागांची वेळ ट्रॅकशीटवर लिहा आणि दोन हात पुरत नसतील तर दुसऱ्याला बसवा. स्टीरिओ मिक्सच्या उसळ्या -६ ते -३ डीबीएफएसमध्ये राहू द्या आणि रिव्हर्बची शेपटी विरेपर्यंत रेकॉर्डर थांबवू नका.

त्याच दिवशी कार्डावरून सगळे ट्रॅक उतरवा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत घराबाहेर. एखादी फाइल उघडून वाजवून पाहा आणि मगच कार्ड पुसा. ट्रॅकशीटचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये टाका, कारण 'ट्रॅक ०७' म्हणजे गिटारचा माइक की पिकअप, हे सहा महिन्यांनी कुणालाही आठवत नाही.